जाणाऱ्याला अडवणारा कुत्रा

पोस्टमन आमच्या ओट्यावर दीड तास बसून होता. कुत्रा फाटकात आडवा उभा. पोस्टमन खांद्याला पिशवी अडकवून उठला की कुत्रा गुरगुरायचा, आणि पिशवी खाली ठेवून बसला की शेपूट हलवायचा. बाबा कामावर गेलेले, आई स्वयंपाकघराच्या दारात तोंडाला पदर लावून उभी, आणि मी, चांगली बी.एड. झालेली बाई, हातात लाटणं घेऊन अंगणात. लाटणं कशाला उचललं होतं ते मला आजही सांगता येणार नाही.

"ताई, येताना तर यानं माझा हात चाटला हो!" पोस्टमन रडवेल्या आवाजात म्हणाला.

चाटला होता, मी पाहिलं होतं. कुत्रा घरात येऊन तेव्हा जेमतेम आठवडा झाला होता, आणि आपण काय आणून ठेवलंय हे आम्हाला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं. मी तर हादरलेच.

मुळात कुत्रा आणायचं ठरलं ते चोऱ्यांमुळे. सत्तरचं दशक संपत आलं होतं. नाशिकरोडच्या कडेला नवी वसाहत उठत होती, तिच्या अगदी टोकाला आमचं बैठं घर. पुढे अंगण, छातीइतकी कंपाउंडची भिंत, लोखंडी फाटक, आणि पलीकडे भाजीपाल्याचे मळे. आधी दोरीवरचे कपडे गेले, मग बादल्या गेल्या, मग मागच्या दारचा पितळी हंडा गेला. हंडा गेला तेव्हा आईनं दोन दिवस अन्नाला चव लागू दिली नाही, आणि बाबांनी जाहीर केलं की कुत्रा आणायचा.

मला आनंद झाला. आमच्या गल्लीतल्या कुत्रीला पिल्लं झाली होती आणि त्यातलं पांढऱ्या पायांचं एक मी मनात हेरून ठेवलं होतं. मी म्हटलं, "बाबा, ते आणू या. मी शिकवीन त्याला. शिकवायचं कसं हेच तर मी शिकलेय."

"पिल्लू घडवायला वर्ष जातं," बाबा म्हणाले. "तोवर चोर आपलं घर धुऊन नेतील. तयार कुत्रा आणायचा. दुसऱ्या दिवसापासून कामाला."

"तयार म्हणजे दुसऱ्याच्या घरासाठी तयार झालेला. त्याला आपलं घर काय माहीत?"

"राखण ती राखण. त्यात आपलं-दुसऱ्याचं काय असतं?"

झालं, विषय संपला. आमच्या घरात बाबांनी प्रश्न विचारला की तो उत्तरासाठी नसायचा.

लासलगावला बाबांच्या ओळखीतल्या एका कांद्याच्या व्यापाऱ्यानं आपलं खळं बंद करायला काढलं होतं. खळं म्हणजे व्यापाऱ्याचं मोठं आवार. तिथं लिलावातला कांदा येऊन पडतो, निवडतात, गोणीत भरतात आणि ट्रकात चढवतात. त्या खळ्यावरचा राखणीचा कुत्रा मोकळा झाला होता. एका दुपारी तो ट्रकमधून आला, सोबत खळ्यावरचा राखणदार. कुत्रा तपकिरी, अंगानं दांडगा, एक कान मधोमध फाटलेला. त्याला नाव नव्हतं. राखणदार त्याला नुसतं 'ए' म्हणायचा.

राखणदारानं ओट्यावर बसून चहा घेतला आणि बाबांना कुत्रा समजावून सांगितला. मी खिडकीतून ऐकत होते.

"भाऊसाहेब, येणाऱ्याला हा काहीच करत नाय. चोर तरी येताना रिकामाच येतो ना! पण जाताना हातात काय असलं, का मंग हा सोडत नाय. चावायचा नाय, नुसता आडवा होईल. तरी कोणी रेटलं तर धोतर धरंल. लय इमानी हाय."

"आणि माल विकला, गिऱ्हाइकाला न्यायचा असेल तर?"

"मालकानं त्याच्या खांद्यावर हात टाकायचा अन् फाटकापर्यंत संगं चालायचं. हात दिसला, का हा बाजूला. पण एकच हात वळखतो. दोन मालक नाय चालत याला."

बाबांचा चेहरा असा खुलला की मी बघतच राहिले. आता हे का, ते सांगायला हवं. बाबा ज्या नोटांच्या छापखान्यात नोकरीला होते तिथून सुटताना रोज झडती व्हायची. आत जाताना फारसं कुणी विचारायचं नाही. बाहेर पडताना मात्र खिसे, डबा, चपलासुद्धा. वीसेक वर्षं रोज हात वर करून उभा राहिलेला माणूस तो! त्याचा त्यांना राग नव्हता, उलट अभिमान होता. जगात व्यवस्था म्हणून काही असेल तर ती हीच, असं ते मानायचे. आणि आता त्याच तत्त्वावर चालणारा कुत्रा घरी आलेला. त्यांना तर भाऊ भेटल्यासारखं झालं.

राखणदार दोन दिवस राहिला आणि त्यानं मालक बदलून दिला. पद्धत साधी होती. आधी त्यानं बाबांच्या खांद्यावर हात ठेवून त्यांना फाटकाबाहेर सोडलं. मग भाकरी बाबांच्या हातून घातली. मग बाबांचा हात आपल्या खांद्यावर घेतला आणि कांद्याची पिशवी घेऊन स्वतः बाहेर गेला. असं किती वेळा झालं असेल देव जाणे. तिसऱ्या दिवशी तो निघाला तेव्हा पिशवी हातात घेऊन मुद्दाम एकटाच फाटकाशी गेला, आणि ज्याच्या हातची भाकरी इतकी वर्षं खाल्ली त्यालाच कुत्रा आडवा झाला. राखणदार हसला. हसता हसता त्यानं डोळे पुसले ते मी पाहिलं. बाबांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि तो गेला.

बाबा खूश. आणि एक गोष्ट आमच्यापैकी एकाच्याही डोक्यात आली नाही. खळ्यातून बाहेर काही नेणारे दोनच, एक गिऱ्हाईक आणि एक चोर. पण घर? अहो, घरातून दिवसभर काही ना काही बाहेरच जात असतं! शेजारणीला विरजण जातं, परटाकडे कपडे जातात, दळण जातं, आईच्या धाकट्या जावेला लोणच्याची बरणी जाते. दूधवाला स्वतःची किटली घेऊन येतो आणि तीच घेऊन जातो, पण कुत्र्याला काय त्याचं? जाताना हातात किटली आहे, संपलं. कुणी आपल्याकडे आलं आणि रिकाम्या हातानं गेलं तर आईला झोप यायची नाही, आणि रिकाम्या हातानं गेल्याशिवाय कुत्रा सोडायचा नाही. आता बोला!

त्या दिवशी पोस्टमनची सुटका झाली ती माझ्यामुळे. मी म्हटलं, पिशवी भिंतीवरून बाहेर ठेवा आणि तुम्ही नुसते फाटकातून जा. त्यानं तसं केलं. कुत्रा शेपूट हलवत बाजूला झाला, अगदी 'पुन्हा या हं' म्हटल्यासारखा. भिंतीवरून पिशवी गेली ती त्याच्या डोळ्यांदेखत गेली, पण भिंत त्याला कुणी शिकवली नव्हती. त्याच्या लेखी घर म्हणजे फाटक.

तेव्हापासून आमच्या घराचा सगळा व्यवहार भिंतीवरून सुरू झाला. दळण भिंतीवरून, धुणं भिंतीवरून, माझी पर्ससुद्धा आधी भिंतीवर, मग मी फाटकातून, मग वळसा घालून पर्स घ्यायची. वसाहतीतली माणसं फिदीफिदी हसायची. मी बाबांना म्हटलं, बांधून ठेवा ना त्याला. बांधून बघितलं एकदा. परीट बोचकं घेऊन निघाला तसा कुत्रा साखळीला असे हिसडे द्यायला लागला की मानेची कातडी सोलवटली. आईच म्हणाली, "सोडा हो त्याला, पाप लागेल."

बाबा घरी असले की मात्र थाट वेगळा. पाहुणा निघाला की बाबा उठायचे, चपला घालायचे, पाहुण्याच्या खांद्यावर हात ठेवायचे आणि फाटकापर्यंत सोडायला जायचे. सबंध आयुष्यात ज्यांनी कुणाला 'बसा' म्हणण्यापलीकडे जवळीक दाखवली नव्हती, ते आता परटाच्या खांद्यावर हात ठेवून चालायला लागले. आधी चुपचाप चालायचे, मग चार शब्द बोलायला लागले. "मुलगा कितवीत आहे?" "गुडघा कसा आहे आता?" मी थक्क व्हायचे. वसाहतीतले झाडून सगळे पुरुष बाबांच्या हाताखालून एकेकदा गेले.

बायकांचं काय करायचं? तिथं सगळं अडलं. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला आईनं अकरा जणींना बोलावलं होतं. सगळ्या हसतखेळत आत आल्या. आईनं वाण म्हणून प्लास्टिकचे डबे आणले होते, ते तेव्हा नवे निघालेले. तिळगूळ, ऊस, हरभरे, डबा असं सगळं घेऊन पहिली बाई फाटकाशी गेली आणि किंचाळून मागे आली. बघता बघता अकराच्या अकरा जणी ओट्यावर कोंडल्या. रविवार होता, बाबा घरात होते. आई आत जाऊन म्हणाली, "अहो, उठा ना, सोडा त्यांना!"

"अगं, मी कसा सोडू?" बाबांचे कान लाल झाले होते. "परक्या बायकांच्या खांद्यावर मी हात ठेवू?"

"मग आम्ही काय चोऱ्या केल्या आहेत का?" समोरच्या काकू ओट्यावरून कडाडल्या. त्यांचा आवाज नसता तर गोष्ट तिथंच मिटली असती. शेवटी अकरा डबे भिंतीवरून गेले. काकू पुढच्या संक्रांतीपर्यंत आमच्याशी बोलल्या नाहीत.

बरं, स्वतःच्या बायकोच्या खांद्यावर तरी? एकदा ठेवला बिचाऱ्यांनी, आई माहेरी निघाली होती तेव्हा. भर अंगणात, दिवसाढवळ्या. आईनं मान इतकी खाली घातली की तिला फाटक दिसेना, आणि समोरच्या खिडक्यांतून जी खसखस पिकली ती आठवडाभर पुरली. त्यानंतर आईसुद्धा भिंतीच्याच रस्त्याला लागली. आणि मी? वयात आलेल्या मुलीच्या खांद्यावर बापानं हात ठेवायची आमच्याकडे पद्धतच नव्हती. तसं कुणी म्हटलं नव्हतं, पण नव्हती. परटाच्या खांद्यावरचा तो हात बघून मला हेवा वाटायचा. हे तेव्हा मी मेले तरी कबूल केलं नसतं.

आणि ज्याच्यासाठी हा सगळा खटाटोप, तो चोर? ऐका. आम्ही तिघं घोटीला एका लग्नाला गेलो होतो. संध्याकाळी परत आलो तर न्हाणीघरातला तांब्याचा बंब गायब. कुत्रा जाग्यावर, फाटक जाग्यावर. शेजारणीकडून कळलं, समोरच्या काकूंनी सगळं पाहिलं होतं, पण आमच्याशी अबोला असल्यामुळे त्या ओरडल्या नव्हत्या. एक माणूस भरदुपारी फाटकातून आत गेला, बंब भिंतीवरून पलीकडे सोडला, आणि रिकाम्या हातांनी फाटकातून बाहेर आला. येताना-जाताना त्यानं कुत्र्याचं डोकंसुद्धा खाजवलं. मी आ वासून बाबांकडे पाहिलं. बाबा भिंतीवरून वाकून पलीकडच्या मळ्यात बघत होते. मला त्यांची दया यायला हवी होती, पण मी कसली! म्हणाले, "बघा, तयार कुत्रा!"

चैत्रात आमचं खरं भांडण झालं. सुरगाण्याकडे डोंगरात एक आश्रमशाळा होती, तिथं मला शिक्षिकेची जागा मिळाली. राहणं तिथंच. त्याच आठवड्यात बाबांनी माझ्यासाठी एक स्थळ पक्कं करत आणलं होतं. मी सांगून टाकलं, लग्न नाही, नोकरी. "मला शिकवायचंय. तयार संसारात जाऊन बसायचं नाहीये." मी पण कमी नव्हते, शब्दाला शब्द लावायला पुढे.

बाबा माझ्याशी बोलायचे थांबले. आईशी बोलायचे, पण मला ऐकू जाईल असं. "जायचं तर जाऊ दे. पण कुत्रा सोडेल तेव्हा. माझा हात तिच्या खांद्यावर पडणार नाही, सांगून ठेव तिला."

आई समजुतीनं म्हणाली, "अगं, तुझी ट्रंक भिंतीवरून देऊ आपण. दोघी मिळून उचलू."

"मी काय त्या बंबचोराची बहीण आहे?" मी भडकले. "माझ्या बापाच्या घरातून मी भिंतीवरून सामान टाकून पळून जाऊ? मी फाटकातून जाणार. ट्रंक हातात घेऊन."

मला खरंच तसंच हवं होतं. नोकरी मिळाली होती, बसची वेळ ठाऊक होती, दाराला कुणी कडी घातलेली नव्हती. फक्त ह्या घरानं मला राजीखुशीनं जाऊ दिलं, असं फाटकातून जाताना मला वाटायला हवं होतं. आणि ते बाबा देणार नाहीत असं दिसल्यावर मी ठरवलं, मग कुत्र्याकडून घेऊ.

बाबांची पहिली पाळी असायची. ते सकाळी गेले की माझी शाळा सुरू. मालक म्हणून मी आईला उभी केली. ती घाबरून म्हणाली, "अगं, त्यांना न विचारता?" मी म्हटलं, "विचारलं तर शिकवता येईल का?" तीही भिंतीला कंटाळली होती, म्हणून तयार झाली. पहिले आठ दिवस आईनं बाबांचा न धुतलेला सदरा अंगावर घेऊन भाकरी-गूळ घातला. कुत्रा आधी तोंड फिरवायचा. मग एके दिवशी सदऱ्याचा वास घेतला, आईकडे पाहिलं आणि तुकडा उचलला. मग आई माझ्या खांद्यावर हात ठेवून मला फाटकापर्यंत नेऊ लागली, मी रिकाम्या हातानं. मग हातात काड्यापेटी. तो आडवा झाला, गुरगुरला. परत मागे, परत भाकरी, परत काड्यापेटी. दहा-बारा दिवस नुसती काड्यापेटी! माझा संयम सुटायचा, मी ओरडायचे, तसा तो आणखी हटून बसायचा. बी.एड.ला शिकवलेलं एक अक्षर कामाला आलं नाही. शेवटी आईच म्हणाली, "तू गप्प बस बरं. त्याला कळेपर्यंत थांब."

मी थांबले, आणि एके सकाळी तो बाजूला झाला. आईचा हात माझ्या खांद्यावर, काड्यापेटी माझ्या मुठीत, आणि फाटक मोकळं! मी रस्त्यात उभी राहून टाळ्या वाजवल्या. मग वाटी, मग तांब्या, मग पिशवी. मग आईच्या अंगावरचा सदरा काढला. शेवटी ट्रंक. आधी रिकामी, मग भरलेली. जून उजाडायच्या आत आईचा हात बाबांच्या हाताइतका चालायला लागला होता. बाबांना ह्याचा पत्ता नव्हता. ते रोज दुपारी घरी येत, कुत्र्याच्या डोक्यावर थोपटत, आणि मला वगळून सगळ्यांशी बोलत.

निघायचा दिवस रविवार होता. साडेसातला टांगा दाराशी आला. मी देवाला नमस्कार केला, आईच्या पाया पडले. बाबा मधल्या खोलीत पलंगावर वर्तमानपत्र उघडून बसले होते. मी दारातूनच वाकले. कागद हलला नाही. माझ्या डोक्यात तिडीक गेली. मी ट्रंक उचलली आणि आईला म्हटलं, "चल."

आईनं माझ्या खांद्यावर हात ठेवला. आम्ही अंगण ओलांडलं. कुत्रा फाटकात उभा होता. त्यानं ट्रंक पाहिली, हात पाहिला, आणि तो सरळ बाजूला होऊन अंगणातल्या पेरूच्या झाडाखाली जाऊन बसला. मी फाटकाबाहेर पाऊल टाकलं आणि मागे वळून पाहिलं.

बाबा ओट्याच्या पायरीवर उभे होते. मी पाहिलेला त्यांचा सगळ्यात गोंधळलेला चेहरा तो. एकदा कुत्र्याकडे बघत होते, एकदा आईच्या हाताकडे.

"हिचा हात कधीपासून चालायला लागला?" त्यांनी विचारलं. दोन महिन्यांत माझ्यासमोर माझ्यासाठी काढलेला पहिला शब्द.

"मी शिकवलं," मी म्हणाले. अशा तोऱ्यात म्हणाले की काय सांगू. वर आणखी म्हणाले, "घडवला की होतो तो आपल्या घराचा." आणि टांग्यात चढले.

दिंडोरी मागे पडली तेव्हा बसमध्ये माझा राग जरा निवला, आणि पायरीवरचे बाबा परत डोळ्यांसमोर आले. त्यांच्या पायात चपला होत्या. रविवारी सकाळी बाबा पलंगावरून उठायचे नाहीत, बनियन आणि पट्ट्यापट्ट्यांच्या लेंग्यावर दहा वाजायचे. त्या दिवशी त्यांच्या अंगात पांढरा सदरा होता, इस्त्रीचा, गळ्यापर्यंत बटणं लावलेला. चपला त्यांनी घरातच, पलंगावर बसल्या बसल्या घातल्या होत्या.

 हा माणूस सकाळपासून तयार होऊन बसला होता! मी फाटकाशी जाईन, कुत्रा आडवा होईल, मी अडेन, आणि मग ते उठतील. त्यांनी शपथ घेतली होती, ती मोडायला त्यांना तेवढं निमित्त हवं होतं. तयार कुत्र्यानं ते निमित्त त्यांना बिनचूक दिलं असतं, पाहुण्याच्या, परटाच्या, दूधवाल्याच्या वेळी द्यायचा तसं. आणि मी दोन महिने खपून, काड्यापेटीपासून ट्रंकेपर्यंत एकेक पायरी चढवून, नेमकं तेच त्याच्याकडून काढून घेतलं होतं. मी बसमध्ये ढसाढसा रडले. शेजारच्या बाईनं विचारलं, कुणी गेलं का? मी मान हलवली, हो की नाही ते मलाच कळलं नाही.

शाळेतून मी पत्रं लिहिली, आईच्या नावानं. उत्तरं आईच्या नावानं यायची, पण अक्षर बाबांचं असायचं. त्यात पाऊसपाणी, भाजीचे भाव, आणि शेवटी कायम एक ओळ, कुत्रा बरा आहे. मला चपलांबद्दल लिहायचं होतं, पण मी कधी लिहिलं नाही.

दिवाळीला घरी गेले. बाबा बोलले माझ्याशी, पण पाहुण्याशी बोलतात तसं. शाळेत मुलं किती, पाण्याची सोय आहे का. कुत्रा चार-पाच महिन्यांत एकदम म्हातारा झाला होता. दिवसभर पेरूखाली पडून असायचा. आईचा हात चालायला लागल्यापासून सगळ्या वसाहतीची ये-जा तिच्याकडेच आली होती, आणि आता तर तो बोचकं घेऊन जाणाऱ्या परटाकडेही डोळा उघडून बघत नसे. बाबांना फाटकापर्यंत जायचं कारणच उरलं नव्हतं, हे मला पहिल्याच दिवशी दिसलं.

परत निघायच्या दिवशी आईनं फराळाचा डबा बांधून दिला. एका हातात डबा, एका हातात पिशवी. आई पदराला हात पुसत माझ्या खांद्याशी आली, तशी मी मागे सरकले. मी मधल्या खोलीच्या दारात गेले. बाबा पलंगावर बसले होते, बनियनवर.

"बाबा," मी म्हणाले, "तो सोडत नाहीये."

बाबांनी खिडकीतून बाहेर पाहिलं. पेरूखाली कुत्रा चारी पाय ताणून झोपला होता. घोरण्याचा आवाज आतपर्यंत येत होता. आई काहीतरी बोलायला गेली, मी तिच्याकडे असं पाहिलं की ती गप्प झाली.

बाबांनी खिडकीतून नजर काढून माझ्याकडे पाहिलं. मग म्हणाले, "अडवणारच. शिकलेला आहे तो." आणि उठले. खुंटीवरचा सदरा काढला, घातला, गळ्यापर्यंत एकेक बटण लावलं. चपला शोधल्या. मग माझ्या खांद्यावर हात ठेवला.

तो हात इतका जड असेल असं मला वाटलं नव्हतं. आम्ही अंगणातून चाललो. पेरूपाशी आल्यावर कुत्र्यानं डोळा उघडला, आमच्याकडे पाहिलं आणि परत मिटला. फाटक आलं. बाबांनी हात काढला नाही.

"अहो, तिची बस चुकेल," मागून आई म्हणाली.

"चुकली तर पुढची असते," बाबा म्हणाले.

पुढची बस दुसऱ्या दिवशी सकाळी होती, आणि ते त्यांना माहीत होतं.